फुटलेल्या सोलर पॅनलच्या जागेवर पालेभाजी लावावी का? शिसं आणि कॅडमियम झाडात नेमकं शिरतं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. शेतातल्या सोलर पंपाचे पॅनल गारपिटीत फुटले, नवीन बसले पण जुने बांधाच्या कडेला टाकलेले ते दोन पावसाळे तिथेच पडून होते, मग भंगारवाला आला आणि फ्रेम आणि वायर तेवढी काढून नेली, काचेचा चुरा तसाच मातीत. आता त्या कोपऱ्यात घरापुरती मेथी, पालक, मुळा लावायचाय, तर पॅनलमधले विषारी धातू भाजीत उतरतील का? आणि कुणीतरी सांगितलंय की एक हंगाम सूर्यफूल घ्या, ते सगळं ओढून घेतं आणि माती साफ होते, हे कितपत खरं?

मी दूषित जमिनी आणि पिकातले जड धातू याच विषयात काम करत आलोय त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे. घाई असेल त्यांच्यासाठी आधीच सांगतो, ज्या जागी पॅनल पडलेले होते तेवढ्याच जागी पालेभाजी आणि मुळा-गाजर नको, बाकीच्या शेताची काळजी करू नका, आणि सूर्यफुलाचा नाद सोडा. आता का ते बघू.

आधी पॅनलमध्ये असतं काय. आपल्याकडे पंपाला लागतात ते जवळपास सगळे सिलिकॉनचे पॅनल, म्हणजे चौकोनी सेल दिसतात, त्यावर बारीक चंदेरी रेघा असतात आणि मागे पांढरा प्लास्टिकचा पडदा. वजनातला पाऊण भाग निव्वळ काच, मग अॅल्युमिनियमची फ्रेम, प्लास्टिक, आणि सिलिकॉन तीन-चार टक्के. सिलिकॉनला घाबरायचं कारणच नाही, वाळू म्हणजे तेच. फ्रेमच्या अॅल्युमिनियमलाही नाही, आपल्या मातीतच ते सात-आठ टक्के असतं आणि पीएच साडेपाचच्या खाली जाऊन जमीन आम्ल झाल्याशिवाय मुळांना त्रास देत नाही. काळजीच्या गोष्टी तीन. सेलना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर कथील-शिशाचं सोल्डर असतं, त्यात एका पॅनलमागे अंदाजे १० ते २० ग्रॅम शिसं. त्या पट्ट्यांचं स्वतःचं तांबं. आणि काचेत अँटिमनी, जे काच स्वच्छ नितळ व्हावी म्हणून बनवतानाच घालतात, ते बहुतेकांना माहीतच नसतं.

कॅडमियम मात्र सिलिकॉनच्या पॅनलमध्ये नसतं! इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो. ते कॅडमियम टेल्युराइडच्या पॅनलमध्ये असतं, जे एकसारखे काळे दिसतात, दोन्ही बाजूंनी काच आणि सेलचे चौकोन दिसत नाहीत. त्यात दर चौरस मीटरला साधारण सात-आठ ग्रॅम कॅडमियम निघतं. असे पॅनल मोठ्या प्रकल्पांमध्ये असतात, चेन्नईजवळ २०२४ साली त्यांचा मोठा कारखानाही सुरू झालाय, पण तुमच्या पंपाला ते असण्याची शक्यता फार कमी. तरी तुकडे बघून खात्री करा, कारण पुढचं सगळं गणित त्यावर फिरतं.

आता हे शिसं बाहेर येतं कसं. पॅनल धड असेल तर येत नाही, सेल दोन्हीकडून ईव्हीए नावाच्या प्लास्टिकमध्ये गच्च बसवलेले असतात. काच फुटली की भेगेतून पाणी आत जातं, आणि ईव्हीएची गंमत अशी की ऊन आणि ओल मिळाली की त्यातून हळूहळू अॅसेटिक आम्ल सुटतं, म्हणजे आपलं व्हिनेगरवालं आम्ल, आणि ते नेमकं सोल्डरवर जाऊन बसतं. त्यातून तयार होणारं लेड अॅसिटेट पाण्यात सहज विरघळतं. म्हणजे पॅनल स्वतःच स्वतःला गंजवतो असं म्हणा. दिल्लीच्या आयआयटीत तुटलेले पॅनल वेगवेगळ्या पाण्यात बरेच महिने ठेवून हे तपासलंय आणि आम्लधर्मी पाण्यात धातू जास्त सुटतात असंच तिथेही दिसलं. तुकडे जितके बारीक तितकं जास्त, म्हणून भंगारवाल्यानं हातोड्यानं फोडलेला पॅनल हा नुसता तडा गेलेल्या पॅनलपेक्षा वाईट.

आता एक हिशोब करू, भीती नेमकी किती हवी ते कळेल. एका गुंठ्याची वरची १५ सेंटीमीटर माती म्हणजे साधारण २० टन. एका पॅनलचं १५ ग्रॅम शिसं सगळंच्या सगळं विरघळून गुंठाभर सारखं पसरलं असं धरलं तरी मातीत किलोमागे पाऊण मिलीग्रॅमची भर पडते, आणि मातीत मुळातच १० ते ३० मिलीग्रॅम शिसं असतं. म्हणजे काहीच नाही. पण तेच शिसं पॅनल पडला होता त्या एका चौरस मीटरमध्ये राहिलं तर? तिथे माती दोनशे किलोच्या आसपास, म्हणजे किलोमागे ७५ मिलीग्रॅमची भर. आणि एकावर एक सात-आठ पॅनल रचून ठेवले असतील तर आकडा कुठे जाईल तुम्हीच बघा. शिसं मातीत चालत नाही, जिथे पडलं तिथेच राहतं, म्हणून मी म्हणतो शेत सोडा, तो कोपरा बघा.

आता झाडाचा भाग, खरी मजा इथे आहे. मूळ काही मातीचे कण खात नाही, ते फक्त मातीच्या ओलीत विरघळलेलं घेतं. त्यामुळे मातीत एकूण शिसं किती याला झाडाच्या दृष्टीनं फारसा अर्थ नाही, विरघळलेलं किती याला आहे. आणि झाडाला शिसं किंवा कॅडमियम यांची गरज शून्य, त्यांच्यासाठी मुळात वेगळं दारच नाही, ते दुसऱ्यांच्या दारातून घुसतात.

शिसं थोडंफार कॅल्शियमच्या वाटेनं आत येतं, पण बहुतांश मुळाच्या बाहेरच्या पेशीभित्तीत असलेल्या पेक्टिन नावाच्या चिकट पदार्थाला चिकटून बसतं, काही तिथेच फॉस्फेटबरोबर साका होऊन अडकतं. जे पुढे सरकतं त्याला मुळाच्या आतल्या अंतस्त्वचेत कॅस्पेरियन पट्टी आडवी येते, हा एक चेकनाका आहे असं समजा, पेशींच्या फटीतून आलेलं पाणी इथे थांबतं आणि पुढे जायचं तर पेशीच्या आतूनच जावं लागतं. शिशाचा मोठा भाग इथेच अडतो. म्हणून दूषित जमिनीतलं झाड उपटून तपासलं की मुळात शिसं भरपूर, देठात कमी, पानात त्याहून कमी आणि दाण्यात जवळपास नाहीच, असंच चित्र दिसतं. फक्त मुळाची अगदी कोवळी टोकं जिथे ही पट्टी अजून तयार झालेली नसते, किंवा दुय्यम मुळं फुटताना जिथे ती फाटते, तिथून थोडं निसटतं.

कॅडमियम याच्या अगदी उलट. ते रूपानं जस्त, लोह आणि मँगनीज यांच्या इतकं जवळचं की झाड फसतं. लोह आत आणणारा आयआरटी१ नावाचा वाहक त्यालाही आत घेतो, भातात मँगनीजचा एनरॅम्प५ घेतो. आत आल्यावर झाड त्याला ग्लुटाथायोनपासून बनवलेल्या फायटोचेलॅटिन नावाच्या धातू पकडणाऱ्या रेणूंमध्ये गुंडाळून मुळातल्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत, कोंडायचा प्रयत्न करतं, जे कोंडलं जात नाही ते जस्ताच्याच पंपानं जलवाहिनीत चढतं आणि पानात पोचतं, भातात दाण्यातही. भाताच्या काही वाणांमध्ये हा एनरॅम्प५ बंद केला की दाण्यातलं कॅडमियम एकदम खाली येतं, त्यावर कमी कॅडमियमचा तांदूळही तयार झालाय.

दोघांतला फरक आकड्यात बघा. वाळलेल्या पिकात किती आणि मातीत किती याचं गुणोत्तर काढतात, ते ढोबळमानानं शिशाचं ०.०१ ते ०.१ आणि कॅडमियमचं १ ते १०. आता मातीत किलोला १०० मिलीग्रॅम शिसं असेल तर वाळलेल्या पालकात १ ते १० येईल, पालकात नव्वद टक्के पाणी, म्हणजे ताज्या भाजीत ०.१ ते १. कोडेक्स म्हणजे अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं, त्यांची पालेभाजीची मर्यादा किलोला ०.३ मिलीग्रॅम. आणि कॅडमियम? मातीत नुसतं १ मिलीग्रॅम असलं तरी ताज्या भाजीत तेवढंच, ०.१ ते १, आणि मर्यादा ०.२. शंभर शिसं आणि एक कॅडमियम हे भाजीच्या हिशोबात सारखेच पडतात. म्हणून सिलिकॉनचा पॅनल फुटला तर मी निवांत असतो, काळा पॅनल फुटलेला असेल तर नसतो.

धातू कुठल्या रूपात आहे यानं किती फरक पडतो त्याचं उत्तम उदाहरण म्हणजे पेरोव्स्काइट, हे नव्या पिढीचे सेल अजून आपल्या शेतात आलेले नाहीत. त्यातलं शिसं आयोडाइडच्या रूपात असतं, पाण्यात विरघळणारं. २०२० साली नेचर कम्युनिकेशन्समध्ये चिनी आणि जर्मन संशोधकांचं काम आलं, त्यांनी कुंडीत पुदिना लावून दाखवलं की पेरोव्स्काइटचं शिसं झाडात इतर मार्गांनी मातीत आलेल्या शिशापेक्षा दहापट सहज जातं. पॅनलमधलं एकूण शिसं कमी असूनही! सोल्डरमधलं धातूरूप शिसं त्या मानानं सुस्त.

आता जमीन. तुमची काळी, विदर्भ-मराठवाड्यात असते तशी चुनखडीची असेल तर तुम्ही नशीबवान आहात, पीएच आठच्या आसपास, चिकणमाती भरपूर, आणि शिसं सुटलं रे सुटलं की कार्बोनेट होऊन बसून जातं. कॅडमियमही बरंच बांधलं जातं. पण इथे एक मेख आहे, अशाच जमिनीत लोह आणि जस्ताची उपलब्धता कमी असते, आणि उपाशी झाड त्यांचे वाहक जास्त संख्येनं उघडतं, मग थोडंसंच मोकळं कॅडमियम असलं तरी तेही आत येतं. झिंक सल्फेट देण्याचा इथे दुहेरी फायदा होतो. विहिरीचं पाणी खारं असेल तर क्लोराइड कॅडमियमला मोकळं करतं, तेही लक्षात ठेवा.

कोकणात आणि गोव्यात चित्र वेगळं. जांभा जमीन, पीएच पाच ते सहा, पाऊस तीन हजार मिलीमीटर, तिथे कॅडमियम खूपच चालतं. शिशाला मात्र जांभ्यातली लोहाची ऑक्साइड धरून ठेवतात. भातखाचरात पाणी उभं असताना कॅडमियम सल्फाइड होऊन गप्प बसतं आणि दाणा भरताना पाणी सोडलं की पुन्हा मोकळं होतं, नेमकं नको त्या वेळी.

लोक लगेच म्हणतात मग चुना टाका. शिसं, कॅडमियम, तांबं यांना चुना चालतो, आम्ल जमिनीत चालतोच. पण काचेतल्या अँटिमनीचं वागणं उलटं आहे, ते मातीत ऋणभाराच्या रूपात असतं आणि पीएच वाढला की मातीपासून सुटतं. पॅनलमागे १५ किलो काच धरली तर अँटिमनी काही ग्रॅम ते काही दशक ग्रॅम, पण ते काचेच्या आत कोंडलेलं असल्यानं सुटायला फार वेळ घेतं, म्हणून मी त्याला तिसऱ्या नंबरवर ठेवतो. काळ्या जमिनीत आधीच चुनखडी आहे, तिथे आणखी चुना टाकायला मुळात काही कारणच नाही.

तांब्याबद्दल फार लिहीत नाही. एका पॅनलमध्ये शंभर-दोनशे ग्रॅम असेल, आणि नाशिकचा द्राक्षवाला एक टक्का बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण, एकरी तीन-चारशे लिटर फवारतो तेव्हा एका फवारणीत पाऊण ते एक किलो तांबं मारतो. मोरचुदापुढे पॅनल काहीच नाही. शिवाय तांबं जास्त झालं तर आधी मुळंच खुरटतात, पीक बसतं, ते तुमच्या ताटात पोचायच्या आधी तुम्हाला शेतातच दिसतं.

पीक कुठलं घ्यायचं? सगळ्यात वाईट पालेभाज्या, त्यातही पालक, माठ, तांदुळजा, चुका. मग मुळा, गाजर, बीट, कारण इथे आपण तोच भाग खातो ज्यात शिसं अडकून बसलेलं असतं. वांगी, टोमॅटो, भेंडी, गवार त्या मानानं बरी, तूर-ज्वारीही चालेल. आणि हे नीट वाचा, पालेभाजीतलं बरंचसं शिसं मुळातून आलेलंच नसतं, पावसाच्या थेंबानं उडालेली माती आणि धूळ पानाला चिकटते तिच्यातून येतं. मेथी-कोथिंबीर जमिनीलगत वाढते, चुरगळलेली पानं, मातीचे बारीक कण धुवूनही पूर्ण जात नाहीत. आच्छादन टाकलं, ठिबक वापरलं, भाजी दोन-तीन पाण्यात नीट धुतली तर शिशाचा मोठा हिस्सा कमी होतो. कॅडमियमला धुण्याचा उपयोग नाही, ते पानाच्या आत असतं.

आता सूर्यफूल. ही कीर्ती चेर्नोबिलवरून आली, तिथे नव्वदच्या दशकात तळ्यात तराफ्यांवर सूर्यफुलं सोडली होती, मुळं थेट पाण्यात, आणि ती पाण्यातलं सीझियम आणि स्ट्रॉन्शियम ओढत होती. पाण्यातलं विरघळलेलं सीझियम आणि काळ्या मातीत कार्बोनेट होऊन बसलेलं शिसं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मोहरीचं घ्या, तिचं नाव तर या कामात सगळ्यात जास्त घेतलं जातं. उदार होऊन धरू की वाळलेल्या मोहरीत किलोला ५० मिलीग्रॅम शिसं आलं आणि हेक्टरी दहा टन वाळलेला पाला निघाला, तर गुंठ्यामागे एका पिकाला ५ ग्रॅम शिसं बाहेर निघतं. गुंठाभर मातीतलं १०० मिलीग्रॅम शिसं काढायचं म्हणजे २ किलो. करा भागाकार, चारशे पिकं. तुमच्या नातवाच्या नातवाच्याही हातून होणार नाही.

शिसं विरघळावं म्हणून काही जण ईडीटीए नावाचं धातू मोकळं करणारं रसायन टाकायला सांगतात, ते कृपया करू नका, झाड घेईल त्याच्या कितीतरी पट विहिरीकडे जाईल. आणि काढलेल्या पाल्याचं करणार काय? गुरांना घातला तर दुधा-मांसात, जाळला तर राखेत, खड्ड्यात टाकला तर परत मातीत. सूर्यफुलाच्या तेलात धातू फारसे उतरत नाहीत हे खरं, पण पेंडीत राहतात आणि पेंड गोठ्यात जाते.

झाडं लावायचीच असतील तर उलट कामासाठी लावा, धातू ओढायला नको, जागच्या जागी धरून ठेवायला. वाळा यासाठी फार चांगला, मुळं खोल जातात, शिसं मुळातच ठेवतो, माती वाहू देत नाही. फक्त त्या वाळ्याची मुळी उन्हाळ्यात कुणी काढून माठात टाकणार नाही एवढं घरात बजावून ठेवा.

मग करायचं काय, तर कंटाळवाणं काम. काचेचे आणि पट्ट्यांचे तुकडे हातमोजे घालून वेचा, वरची माती चाळणीनं चाळा, सेलचे निळे-काळे कपचे आणि चंदेरी पट्ट्या दिसतील त्या सगळ्या जाड गोणीत भरा. कोपरा चार-पाच चौरस मीटरचाच असेल तर वरची वीतभर माती उचलून वेगळी ठेवणं हेच सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचं. गोणी भंगारात देऊ नका, ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांत, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, सोलर पॅनल येतात आणि जबाबदारी उत्पादकाची आहे, तेव्हा पुरवठादाराला लेखी कळवा किंवा नोंदणीकृत ई-कचरावाल्याला द्या. उरलेल्या जागेत चांगलं कुजलेलं शेणखत भरपूर घाला, सेंद्रिय पदार्थ शिसं-तांबं दोन्ही धरतो, शिसं असेल तर सुपर फॉस्फेटही मदत करतं.

एक गोष्ट विचारली नाहीये पण विचारायला हवी होती, तिथे बॅटरी होती का? पंपाला नसते, पण जुने सौर दिवे, झटका मशीन, इन्व्हर्टर यांना लेड-अॅसिडची असते आणि तिच्या वजनात साठ-सत्तर टक्के शिसं. पॅनलमध्ये ग्रॅम, बॅटरीत किलो, तेही आम्लासकट. बॅटरी फोडलेली किंवा वायर-पॅनल जाळलेली जागा असेल तर वरचं सगळं निवांत बोलणं विसरा, तिथे काहीच लावू नका आणि पोरांना खेळू देऊ नका, कारण लहान मुलाच्या तोंडात मातीचा हात जातो तो रस्ता भाजीपेक्षा कितीतरी जवळचा आहे.

माती परीक्षणाचं म्हणाल तर मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी असतात, त्यात तांबं-जस्त आहे पण शिसं आणि कॅडमियम नाही, त्यामुळे ती पत्रिका बघून निर्धास्त होऊ नका. एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबला जड धातू, म्हणजे शिसं, कॅडमियम, अँटिमनी, एकूण आणि डीटीपीए या रसायनानं मातीतून निघणारे असे दोन्ही आकडे मागा, झाडाला मिळण्यासारखं किती याचा अंदाज त्या दुसऱ्या आकड्यावरून येतो. नमुने दोन द्या, एक त्या कोपऱ्याचा आणि एक शेताच्या दुसऱ्या टोकाचा, तुलनेशिवाय आकड्याला अर्थ नाही. देण्याआधी चाळून सोल्डरचे कपचे काढा, एक बारीकसा कपचा जरी दळणात गेला तरी शिशाचा आकडा उगाच शेकड्यात जातो आणि मग लोक घाबरून फोन करतात. दोन्ही नमुन्यांत शिसं सारखंच निघालं आणि कॅडमियम अर्ध्या मिलीग्रॅमच्या खाली असेल तर मेथी खुशाल लावा, मुळा मात्र पहिल्या वर्षी तरी दुसरीकडे.